सिंकखालचं यंत्र बसवावं का?

प्रश्न : आम्ही सांगलीत विश्रामबागला तिसऱ्या मजल्यावर राहतो. इमारत जुनी, लिफ्ट नाही. घंटागाडी येते तेव्हा मी शाळेत शिकवायला गेलेली असते, त्यामुळे गुडघे दुखत असूनही सासूबाईच ओल्या कचऱ्याची बादली घेऊन जिना उतरतात. सध्या स्वयंपाकघराचं काम काढलंय. अमेरिकेतला भाऊ म्हणतो, सिंकखाली खरकटं दळणारं यंत्र बसव, कचऱ्याची कटकटच संपेल. ओट्याचे कारागीर म्हणतात, ग्रॅनाइट कापायच्या आत काय ते सांगा. काय करू?

उत्तर : ताई, तुमच्या इमारतीचं सांडपाणी कुठे जातं हे कळेपर्यंत यंत्र घेऊ नका. सगळा निर्णय त्यावर आहे, आणि दुकानदार नेमकं तेवढंच विचारत नाहीत.

हे यंत्र कचरा नाहीसा करत नाही. आत फिरणारी तबकडी खरकटं भोवतीच्या खरबरीत कड्यावर फेकते, तिथे ते किसलं जातं आणि पाण्याबरोबर पाइपात उतरतं. म्हणजे बादलीतला कचरा ड्रेनेजमध्ये जातो, इतकंच. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या जॉन हॅम्स नावाच्या वास्तुरचनाकाराने १९२७ मध्ये ते बनवलं. तुमच्या भावाच्या गावी ते चालत असणार, कारण तिथल्या गटारवाहिन्या सहसा शुद्धीकरण केंद्राला जोडलेल्या असतात. पण त्याच देशात न्यूयॉर्कच्या बहुतेक भागात जुन्या गटारांमुळे १९९७ पर्यंत या यंत्राला बंदी होती.

आता आपल्याकडचं बघा. शेरीनाल्यातून शहराचं सांडपाणी कृष्णेत जातं, हे सांगलीकरांना मी साताऱ्यात बसून सांगायला नको. अन्नाचा लगदा नदीत गेला की तो कुजवणारे जिवाणू पाण्यातला विरघळलेला प्राणवायू ओढून घेतात. नदीकाठी मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. त्यामागे कारखान्यांची मळी असते तसं घरांचं सांडपाणीही असतं. आपल्या साताऱ्याखालून माहुलीच्या संगमावरून जी नदी तुमच्याकडे येते, तिच्यात शेवग्याचा चोथा आणि उरलेला भात आपण दळून सोडावा, हे मला मनापासून पटत नाही. तुमची लाइन सेप्टिक टँकला जात असेल तरी तेच. टाकीत गाळ लवकर साचतो, मैला उपसायची गाडी वरचेवर बोलवावी लागते आणि तो खर्च सगळ्या बिऱ्हाडांवर पडतो.

हे तपासायला इंजिनिअर लागत नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगून खालच्या चेंबरचं झाकण उघडायला लावा आणि वरून सिंकमध्ये बादलीभर दाट हळदीचं पाणी ओता. पिवळं पाणी कोणत्या चेंबरमध्ये उतरतं, पुढे टाकीत जातं, रस्त्याच्या गटारात जातं की महापालिकेच्या भुयारी गटारात, हे डोळ्यांनी दिसेल. बऱ्याच जुन्या इमारतींत संडासाची लाइन वेगळी आणि स्वयंपाकघराची वेगळी असते, आणि स्वयंपाकघराची थेट उघड्या गटारात सोडलेली असते. भुयारी गटारच निघालं, तर ते शुद्धीकरण केंद्रापर्यंत जोडलेलं आहे का, हे महापालिकेत विचारून घ्या. तसं असेल तरच पुढचं बोलू.

शिवाय आपल्या स्वयंपाकाचा विचार करा. मक्याची पानं, मेथीच्या जाड काड्या, शेवगा यांचे धागे आत गुंडाळले जातात. कणीक आणि भात पाइपात चिकटून बसतात. रश्श्याचा कट गार पाण्याबरोबर पुढे जाऊन थिजतो. आणि सिंकखाली ती वळ्यावळ्यांची प्लॅस्टिकची नळी असेल, तर लगदा प्रत्येक वळीत अडकणार. तिसऱ्या मजल्यावरून चोंदलेला पाइप खालच्या बिऱ्हाडाच्या सिंकमधून उफाळतो, हे ध्यानात घ्या.

सासूबाईंचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि तो आधी सुटला पाहिजे. ओल्या कचऱ्याच्या वजनात बहुतेक पाणीच असतं. सिंकमध्ये बारीक जाळीचं भांडं ठेवा, चहाचा चोथा आणि साली रात्रभर निथळू द्या. गॅलरीत भोकं पाडलेले दोन माठ ठेवा. भाजीचे देठ, साली बारीक चिरून टाकायच्या आणि दर वेळी वर मूठभर वाळका पाला किंवा नारळाचा काथ्या. आंबूस वास आला तर ओल जास्त झाली असं समजा, आणखी पाला घालून ढवळा. पहिला माठ भरला की झाकून ठेवायचा आणि दुसरा सुरू करायचा. साधारण दोन महिन्यांत खत होतं. हाडं, तेलकट खरकटं एवढंच घंटागाडीला उरतं. तेवढी छोटी पिशवी तुम्ही सकाळी शाळेला जाताना खाली ठेवलेल्या झाकणाच्या डब्यात टाका. गाडी आली की तो डबा रिकामा करायला तळमजल्याच्या शेजाऱ्यांना सांगा. सासूबाईंना जिना उतरायला लावू नका.

ओट्याच्या कारागिरांना आत्ता एवढंच सांगा : सिंकखालची ती वळ्यांची नळी काढून गुळगुळीत पीव्हीसी पाइप नीट उतार देऊन टाका, आणि कपाटात आर्थिंगसह एक प्लग पॉइंट ठेवा. सिंकचं भोक रुंद घ्या, कारण या यंत्रांना साधारण ९० मिलिमीटरचं तोंड लागतं आणि साध्या सिंकचं भोक त्याहून लहान असू शकतं. पुढे कधी तुमची लाइन शुद्धीकरण केंद्राला जोडली गेली, तर ग्रॅनाइट न फोडता यंत्र बसवता येईल.