इंग्लंडमध्ये नदीवर गळ टाकताना एकाने किती रॉड लावावेत? शेजारी रागावतात ते कशावरून?

साधं रॉड लायसन्स असेल तर दोन. तिसरा लावायचा तर तीन रॉडचं वेगळं, महागडं लायसन्स मिळतं. ट्राउटच्या मागे असाल तर मात्र वाहत्या नदीत एकच रॉड, तळ्यात दोन. रॉड कितीही असोत, पहिल्या आणि शेवटच्या रॉडच्या मुठींमध्ये ३ मीटरपेक्षा जास्त अंतर नको. आमिष लावलेला गळ पाण्यात सोडून चहा आणायला जाणं हाही नियमभंगच. लायसन्स नसेल तर दंड २५०० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. शिवाय त्या काठाचा मालक किंवा क्लब यांची परवानगी वेगळी घ्यावी लागते, आणि त्यांनी ‘एकच रॉड’ म्हटलं की एकच.

आता शेजाऱ्यांचं. भांडणं होतात ती बहुतेक गळ आडवा टाकण्यावरून. आपल्यासमोरचं पाणी आपलं, नदीच्या मध्यापर्यंत. पलीकडच्या काठावर कोणी बसलं असेल तर त्यापुढे जाऊ नका. शेजाऱ्याला मोठा मासा लागला आणि तो तुमच्या बाजूला ओढ घेऊ लागला, तर कोणी सांगायची वाट न बघता आपली दोरी गुंडाळून घ्यायची. नाहीतर दोन्ही दोऱ्यांचा गुंता होतो, मासाही जातो. काठावर धप धप चालू नका, मासे बिचकतात. आणि बाइट अलार्मचा (मासा आमिषाला लागला की वाजणाऱ्या यंत्राचा) आवाज कमी ठेवा. पहाटे पाच वाजता ते टीं-टीं फार डोक्यात जातं!

१५ मार्च ते १५ जून नदीत कोर्स फिशिंग (सॅमन-ट्राउट सोडून गोड्या पाण्यातल्या इतर माशांची मासेमारी) बंद असतं, तेव्हा तळी बघा.