मुलीचा मोबाईल काढून घेऊ का?

"मॅडम, मोबाईलच काढून घेते, विषय संपला." माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या बऱ्याच आया पहिल्या पाच मिनिटांत हेच बोलतात, ही पण तेच बोलली (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). मुलगी अकरावीत, भर मे महिन्यात घरात फुल बाह्यांचा टीशर्ट, आणि आईला फोनमध्ये सापडला स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलामुलींचा ग्रुप. आईचं ठाम मत, हे सगळं ग्रुपनेच शिकवलं.

मुलीशी एकटीशी बोलले तर कळलं इजा करणं दहावीच्या प्रिलिमपासूनचं, ग्रुप नंतरचा. रात्री दोनला "झोप येत नाहीये" टाकलं की तिकडून कुणीतरी "मी पण जागीच आहे" म्हणायचं, घरात मात्र "नाटकं बंद कर". मग ती तिकडे जाणारच ना!

मी विचारलं, दिवस चांगला गेला तर काय लिहितेस ग तिथे? बॅगची चेन मागेपुढे करत बसली, मग म्हणाली, "काहीच नाही. तेव्हा कोण रिप्लाय देतं." खरी गोची इथे आहे, सोबत मिळते पण दुखत असेल तरच. त्यात कुणी जखमांचे फोटो टाकणार, मग 'माझं तर काहीच नाही' असं वाटणार, आणि एकदा पाहिलं की अल्गोरिदम तसलंच पुढे आणत राहतो. ब्रिटनमधल्या १४ वर्षांच्या मॉली रसेलच्या मृत्यूत अशा कंटेंटचाही हात होता असं तिथल्या कॉरोनरने (मृत्यूच्या कारणाची चौकशी करणारा अधिकारी) २०२२ मध्ये म्हटलंय.

तरी फोन हिसकावू नका. ती मैत्रिणीच्या फोनवरून बघेल आणि तुम्हाला सांगणं तेवढं बंद होईल. "मरावंसं वाटतं का?" हे मी तिला सरळ विचारलं, विचारल्याने तसं काही डोक्यात शिरत नाही, उलट मुलं मोकळी होतात. सायकियाट्रिस्टकडेही पाठवलं. फोटोवाली अकाउंट्स तिने स्वतःच म्यूट केली, नीट विचारपूस करणाऱ्या दोघीजणी ठेवल्या. रात्री फारच झालं तर आईला उठवायचं, आईने फक्त शेजारी बसायचं, उलटतपासणी नाही. आणि तेही जमलं नाही तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

ग्रुप तिने अजून सोडलेला नाही. आई दर वेळी मला विचारते कधी सोडणार, मी म्हणते तिलाच विचारा, पण चहा पिताना, दारात उभं राहून नको.