वेबफ्लक्समध्ये थ्रेड अडवू नकोस

तुझा वेबफ्लक्सचा (स्प्रिंगची, थ्रेड न अडवता चालणारी वेब चौकट) कोड पाहिला. हँडलरमध्ये (विनंती हाताळणारं फंक्शन) क्वेरी पॅरामीटर वाचलायस, ते ठीक. तिथे ऑप्शनल (किंमत असेल किंवा नसेल असा डबा) मिळतो, त्यामुळे ‘पेज’ आलंच नाही तर ० धर, आणि ‘साइज’ला वरची मर्यादा घाल. नाहीतर कुणीतरी एकदम लाखभर रेकॉर्ड मागेल. मागतातच.

खरी गोची पुढच्या ओळीत आहे. तिथे तू थेट जेडीबीसी (उत्तर येईपर्यंत थ्रेड अडवणारी जावाची डेटाबेस जोडणी) कॉल केलायस. नेटीचे (वेबफ्लक्सखाली चालणारा सर्व्हर) काम करणारे थ्रेड साधारण सीपीयूच्या कोअरइतकेच असतात, किमान ४. चार संथ क्वेऱ्यांनी ते चारही अडवले की पाचवी विनंती ताटकळते, मग ती नुसती हेल्थ चेकची (सर्व्हर जिवंत आहे ना, एवढंच विचारणारी) का असेना. सीपीयू मात्र निवांत दिसतो, म्हणून दोष सापडता सापडत नाही. मी स्वतः यात दोन रात्री घालवल्यात.

जमलं तर आरटूडीबीसी (थ्रेड न अडवणारी डेटाबेस जोडणी) वापर. जुना डेटाबेस कोड सोडवत नसेल तर तो ‘मोनो.फ्रॉमकॉलेबल’मध्ये (मोनो म्हणजे पुढे मिळणारं एक उत्तर) गुंडाळ आणि ‘सबस्क्राइबऑन’ला बाउंडेड इलॅस्टिक शेड्युलर (अडवणाऱ्या कामांसाठीचे वेगळे, मर्यादित थ्रेड) दे. ‘मोनो.जस्ट’ नको: त्यातला कॉल साखळी जुळवतानाच, चालू थ्रेडवरच होऊन जातो. ‘स्विचइफएम्प्टी’तही (उत्तर रिकामं आलं तर पर्याय देणारं) नेमकं हेच होतं. पहिल्या क्वेरीला उत्तर मिळालं तरी पर्यायी कॉल झालेला असतो. तिथे ‘डिफर’ लाव, म्हणजे कॉल गरज पडेल तेव्हाच होईल.

टेस्टमध्ये ब्लॉकहाउंड हे साधन चालू कर, अडवणारा कॉल कुठे लपलाय ते ते लगेच दाखवतं. जावा १३ पासून पुढे त्याला जेव्हीएमचा एक जादा फ्लॅग लागतो, तेवढं बघ.