कोकणी उत्पादनाच्या जाहिरातीतल्या चित्राचं चिन्हमीमांसेच्या आधारे विश्लेषण कसं करायचं?

तुम्ही विचारलंय की मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प आहे, कोकम सरबताची एक जाहिरात निवडली आहे, आणि 'कौलारू घर म्हणजे परंपरा, नारळ म्हणजे निसर्ग, नऊवारीतली आजी म्हणजे शुद्धता' असा तक्ता करून दिला तर चालेल का. नाही चालणार. चिन्हमीमांसा म्हणजे चिन्हांना अर्थ कसा येतो याचा अभ्यास. तक्ता म्हणजे शब्दकोश झाला आणि चित्रांचा शब्दकोश नसतो.

एवढ्या ठामपणे सांगते, कारण तुम्ही लिहिलेल्या तिन्ही गोष्टी आमच्या घरच्या कोकम सरबताच्या बाटलीवर आहेत. घर, नारळ आणि आजी. त्यातली एकही आमची नाही.

आमचं घर कुडाळ तालुक्यात. समुद्र लांब, घरामागे ओढा आणि ओढ्याच्या कडेने रातांब्याची, म्हणजे कोकमाची झाडं. आई एप्रिल-मेमध्ये रातांबे फोडते, वाट्यांत साखर भरून बरण्या उन्हात ठेवते, सरबताचा अर्क गाळते, काहींचं आगळ, म्हणजे खारवलेला रस करते, सालींची सोलं सुकवते. मी कमर्शियल आर्ट शिकले आणि आता इथल्याच एका प्रेसमध्ये लग्नपत्रिकांची, लेबलांची मांडणी करते. आमचं पहिलं लेबल मीच केलं होतं, दोन रंगांतलं: मधोमध फोडलेला रातांबा, आत पांढरा गर, खाली नाव. सात वर्षं तेच चाललं.

मग दादाने मुंबईतल्या एका एजन्सीकडून नवीन लेबल करून आणलं. चाररंगी, गुळगुळीत कागद. मंगलोरी कौलांचं घर, पुढे तुळशीवृंदावन, मागे माडांची रांग आणि त्यापलीकडे निळा समुद्र. ओट्यावर नऊवारी नेसलेली, नथ घातलेली आजी हातात तांब्याचा गडू घेऊन हसतेय. आईने बाटली हातात धरली, चष्मा लावला, आणि विचारलं, "ह्यां घर कोणाचा? आणि ही म्हातारी खंयची?" मग थोडा वेळ बघून म्हणाली, "हिच्या हाताक रतांबो कधी लागलोच नाय."

तुमच्या प्रकल्पाला लागणारं सगळं या एका वाक्यात आहे. ते मला उमगायला दोन वर्षं गेली.

रोलां बार्थ या फ्रेंच विचारवंताने 1964 साली एका जाहिरातीवर निबंध लिहिला, तो तुम्हाला अभ्यासाला असणारच. पांझानी कंपनीचा पास्ता, सॉसचा डबा, चीजची पुडी, सोबत टोमॅटो, कांदे, ढोबळी मिरची, हे सगळं अर्धवट उघड्या जाळीच्या पिशवीतून बाहेर येतंय. शिकवताना त्यातले तीन थर सांगतात: मजकूर, चित्रात दिसणाऱ्या वस्तू, आणि त्या वस्तूंनी सुचवलेला अर्थ. पिशवीवरून नुकताच बाजार करून आल्याचा ताजेपणा कळतो, टोमॅटो-मिरची आणि पिवळ्या-हिरव्या-लाल रंगांवरून 'इटलीपण' कळतं. इथपर्यंत सगळे लिहितात. पुढचं वाक्य कोणी लिहीत नाही. पांझानी ही फ्रेंच कंपनी, आणि बार्थ म्हणतो की हे इटलीपण फ्रेंच माणसाच्या ज्ञानावर उभं आहे. इटलीतल्या माणसाला त्या नावातला इटालियन सूर फारसा जाणवणारसुद्धा नाही.

हे वाचताना मला आई आठवली. त्या लेबलापुढे ती इटलीतल्या माणसासारखी उभी होती. लेबलावरचं 'कोकणपण' दादरच्या, ठाण्याच्या माणसाच्या डोक्यातलं आहे. आमच्या ओढ्याकाठी ते कुठेच नाही. म्हणून तुमच्या तक्त्यात 'नऊवारी म्हणजे शुद्धता' लिहिण्याआधी 'कोणासाठी' हा एक रकाना घाला. आईसाठी नऊवारी म्हणजे तिची सासू. माझी आजी रोज लुगडंच नेसायची, पण नथ घालून रातांबे फोडायला ती कधी बसली नाही.

कौलांचंही तसंच. हे घर 'पूर्वापार कोकणी' म्हणून दाखवतात, पण मंगलोरी कौलं कारखान्यात तयार होणारी. मंगळुरात बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने 1865 साली कौलांचा कारखाना काढला आणि ती किनाऱ्याने वर पसरली. त्याआधी आपल्याकडे नळ्याची कौलं होती, गवताची, पेंढ्याची छपरं होती. कारखान्याचा माल पुढे 'सनातन परंपरा' होऊन लेबलावर बसतो. इतिहासातली गोष्ट निसर्गासारखी वाटायला लागते तेव्हा बार्थ तिला मिथक म्हणतो. हे उदाहरण प्रकल्पात घाला, कुठल्याही फ्रेंच उदाहरणापेक्षा ते तुम्हाला जास्त शोभेल.

संज्ञांची भीती बाळगू नका. अभिधा, लक्षणा, व्यंजना, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ, सरकलेला अर्थ आणि सुचणारा अर्थ, तुम्ही शाळेत केल्या आहेत. 'गंगायां घोषः', गंगेवर गवळ्यांची वाडी. प्रवाहावर वाडी वसत नाही, म्हणून अर्थ काठाकडे सरकतो, आणि 'काठावर' असं साधं न म्हटल्यामुळे थंडावा आणि पावित्र्य सुचतं. आनंदवर्धनाने नवव्या शतकात काश्मीरमध्ये ध्वनीचा विचार मांडला तो याच सुचवण्याबद्दल. लेबलावरचा समुद्र असाच आहे. रातांब्याचा समुद्राशी काही संबंध नाही, पण समुद्र दिसला की सुट्टी, गाव, वारा असं सगळं बाटलीत उतरतं.

आता दादाशी झालेल्या भांडणाकडे येते, कारण खरं उत्तर तिथे आहे.

नवीन लेबलाच्या वेळी मी दादाला दुसरा फोटो दिला होता. आईचे हात. मेअखेरचे, बोटं जांभळी-काळी, नखांच्या कडा पार काळ्या, ओंजळीत चार रातांबे. साबणाने ते डाग जात नाहीत, महिनाभर राहतात. चार्ल्स पर्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने चिन्हांचे जे प्रकार केले त्यात हा निर्देशक, म्हणजे वस्तूने स्वतः मागे सोडलेली खूण. धुरावरून आग ओळखावी तसं. आपल्या न्यायशास्त्रातही अनुमानाला धूर आणि आगच घेतात. नऊवारीतल्या मॉडेलचा रातांब्याशी कसलाच संबंध नाही, तिला मोबदला देऊन बसवलेली आहे. त्या हातांवर मात्र रातांब्याने स्वतः सही केलेली आहे.

दादा म्हणाला, "अगो, काळे हात बघून लोक बाटली परत ठेवतले." मी म्हटलं, ते आईचे हात आहेत. तो म्हणाला, मुंबईत ते नुसते घाण हात आहेत. तो शब्द त्याने आईसमोर वापरला. आई काही बोलली नाही, उठून आत गेली. त्या गणपतीत आम्ही दोघं एका पंगतीला बसलो नाही.

आज मान्य करते की एका अर्थी तो बरोबर होता. तोच हात, तोच डाग. कुडाळच्या बाजारात तो बघून बाई विचारेल, यंदा रातांबो बरो पिकलो काय? दादरच्या दुकानात तोच डाग बघून मनात येईल, हातमोजे घालत नाहीत वाटतं. अर्थ डागात बसलेला नाही, बघणाऱ्याला आधीपासून काय माहीत आहे त्यावर तो ठरतो. दादाला हे शिकल्याशिवाय कळत होतं, मला शिकूनही कळलं नव्हतं.

पण तो अर्ध्यावर थांबला. बार्थच्या निबंधातच पुढची गोष्ट आहे. चित्राचे अर्थ अनेक असतात, ते इकडेतिकडे वाहतात, म्हणून मजकूर नांगर टाकतो. आपण किनाऱ्यावरची माणसं, नांगर म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको. हातांच्या फोटोखाली एक ओळ टाकली असती, 'हे डाग रातांब्याचे आहेत, पावसाळ्यापर्यंत जात नाहीत', तर 'घाण' हा अर्थ तिथेच बुडाला असता. उलट त्या ओळीने दादरच्या माणसाला आईला माहीत असलेली एक गोष्ट कळली असती. दादाने फोटो नाकारला, ओळीचा विचारच केला नाही. आणि मीही त्या दिवशी ओळ सुचवायच्या ऐवजी रडत बसले.

दुसरा मुद्दा फरकाचा. भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरचं म्हणणं की चिन्हाला किंमत येते ती शेजारच्या चिन्हापेक्षा वेगळं असण्यामुळे. जाहिरातींची अभ्यासक जुडिथ विल्यमसन हिने 1978 मध्ये हेच अत्तराच्या जाहिरातींना लावून दाखवलं. मुंबईत कोकणी मालाच्या एका स्टॉलवर मी स्वतः उभी राहून पाहिलं: सरबताच्या सहा बाटल्या, पाचांवर कौलारू घर, चारांवर माड, तिघांवर नथ. आमची त्यात कुठली ते मला नाव वाचूनच कळलं. एजन्सीला पैसे मोजून आम्ही शेजाऱ्यासारखे दिसायला लागलो. यावर दादाकडे अजून उत्तर नाही.

तर तुम्ही काय करायचं. एकच जाहिरात घ्या, दहा घेऊ नका. आधी फक्त दिसतं ते लिहा, 'परंपरा' वगैरे शब्द न वापरता. उन्हाची दिशासुद्धा लिहा. आमच्या लेबलावर तुळशीपुढचा दिवा पेटलेला आहे आणि सावल्या भर दुपारच्या, म्हणजे तिन्हीसांजेची भक्ती आणि बाराची तहान एकाच चित्रात हवी होती. हे मला तिसऱ्यांदा बघताना दिसलं. मग एकेक वस्तू बदलून बघा: नथ काढा, आजीच्या जागी तरुण मुलगा बसवा, कौलांच्या जागी स्लॅब घाला. जे बदलल्यावर सांगणं बदलतं ते चिन्ह, जे बदलून काही होत नाही ती सजावट. समुद्र काढला तर 'गाव' शिल्लक राहतो का, हे आमच्या लेबलावर करून बघण्यासारखं आहे. शेवटी तेच चित्र दोन माणसांना दाखवा, एक ती वस्तू बनवणारा आणि एक विकत घेणारा, आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या. तुमचा अंदाज त्यांच्यानंतर लिहा.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. एक, ध्वनी आणि बार्थचा सूचितार्थ सारखेच आहेत असं परीक्षकाला लिहून देऊ नका. ध्वनीला सहृदय रसिक लागतो आणि शेवट रसात होतो, जाहिरातीला गिऱ्हाईक लागतं आणि शेवट गल्ल्यात. तुलना समजायला चांगली, बरोबरीचं चिन्ह टाकायला नाही. दुसरं, या पद्धतीने बाटली का खपली ते सिद्ध होत नाही. नवीन लेबलावर आमचा माल जास्त गेला हे खरं आहे, पण त्याच वर्षी दादाने दोन नवीन दुकानंही धरली होती. तो श्रेय लेबलाला देतो, मी दुकानांना. चिन्हमीमांसा यात कोणाच्याच बाजूने साक्ष देणार नाही, ते तुमच्या निष्कर्षात स्पष्ट लिहा.

यंदा मी शंभर बाटल्यांना हातांच्या फोटोचं लेबल लावलंय, खाली ती ओळ टाकून. बाटल्या पडवीत आहेत, दादा गणपतीला येईल तेव्हा बघेल. तुम्हाला प्रकल्पासाठी दोन्ही लेबलं शेजारी ठेवायची असतील तर सांगा. एजन्सीचं आजच पाठवते. हातांचं आईला विचारून.