मणक्याचं ऑपरेशन झालंय. मित्र म्हणतात चाल, घरचे म्हणतात हलू नको

"ऑपरेशनला दीड महिना होऊन गेला. पायातली कळ गेली, पण कंबर धरते. मित्र रोज येतात, 'काही होत नाही बे, उठ की' म्हणतात. बायको म्हणते, अजिबात हलू नका. चार पावलं टाकली की वाटतं, मणक्यातली गादी परत सरकणार. कुणाचं ऐकायचं?"

मणक्याच्या ऑपरेशननंतर आमच्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या बहुतेकांचा प्रश्न थोड्याफार फरकाने हाच असतो. दोन्ही बाजूंची माणसं मायेचीच असतात, त्यामुळे कुणाला गप्प बस म्हणताही येत नाही. असाच पेच घेऊन आलेल्या एका गृहस्थांची ही हकीकत. ओळख लागू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वय चाळिशीच्या पुढे, राहायला बेळगावातल्या अनगोळला, नोकरी उद्यमबागेतल्या फाउंड्रीत. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकून डाव्या पायाची नस दबली होती. छोट्या छेदातून सरकलेला तुकडा काढला, टाके वेळेवर निघाले, जखम सुकली, सर्जननी 'सगळं ठीक आहे' म्हणून पाठवलं. आणि सातव्या आठवड्यात या गृहस्थांचा दिवस होता पलंग, संडास, पलंग. जेवणाचं ताटही पलंगावर.

त्यांच्या मनात काय चाललंय हे विचारल्यावर पहिली गोष्ट निघाली ती 'कमरेतल्या लोखंडाची'. भेटायला आलेला एक मित्र थट्टेत बोलून गेला होता, "आता तू आयर्न मॅन, पट्टी-स्क्रू घातलेत ना?" यांच्या ऑपरेशनमध्ये पट्टी नव्हती, स्क्रू नव्हता. नुसता तुकडा काढण्याच्या ऑपरेशनमध्ये ते घालत नाहीत. मणके जोडायचे असतील तेव्हा घालतात. पण तेव्हापासून कूस बदलताना 'कट' आवाज झाला की स्क्रू ढिला झाला असंच त्यांना वाटे. दुसऱ्या पाहुण्याने गावाकडच्या कुणाची तरी कथा सांगितली होती, 'तो तर कायमचा अंथरुणाला खिळला'. त्या माणसाला कुठला आजार होता, कोणतं ऑपरेशन झालं, काही पत्ता नाही. भीती मात्र मुक्कामाला राहिली.

म्हणून आधी भीतीतलं खरं किती आणि खोटं किती हे वेगळं केलं. गादी पुन्हा सरकते हे खरं आहे. या ऑपरेशननंतर शंभरातल्या साधारण पाच ते दहा जणांना तो त्रास होतो. पण सपाट जमिनीवर बेताने चालणं हे त्याचं कारण नसतं. जपायचं असतं ते वाकून वजन उचलणं, कंबर पिळवटणं आणि तासन्‌तास एका जागी बसणं यांपासून. बरं होण्याचाही एक क्रम असतो. पायाची कळ बहुधा आधी जाते, कमरेचा ताठरपणा काही आठवडे राहतो, आणि पावलातला बधिरपणा सगळ्यात शेवटी, कधी कधी महिन्यांनी जातो. हे माहीत नसलं की बोटांना मुंग्या आल्या तरी 'ऑपरेशन फसलं' वाटतं.

मग मित्रांना बोलावलं, अर्थात या गृहस्थांच्या संमतीने. दुसऱ्या रेल्वे गेटजवळच्या चहाच्या हॉटेलात रोज जमणारे, गणेशोत्सवात एकाच मंडळाची वर्गणी फिरवणारे चौघे. जीव लावणारे लोक. पण त्यांचा धीर नेमका कुठे उलटत होता हे त्यांना दाखवावं लागलं.

एक म्हणजे भेट. चौघे आले की पलंगाभोवती खुर्च्या मांडून दीड-दोन तास गप्पा. पाहुणे बसलेत आणि आपण आडवं कसं पडायचं, म्हणून हे गृहस्थही उशीला टेकून अर्धवट वाकड्या स्थितीत तेवढा वेळ बसायचे. सुरुवातीच्या आठवड्यांत एका बैठकीला वीस-तीस मिनिटं पुष्कळ झाली. बसताना कमरेच्या गादीवर उभं राहण्यापेक्षा जास्त दाब येतो, आणि पोक काढून बसलं की आणखी वाढतो. रात्री कंबर दुखायची आणि खापर फुटायचं सकाळी टाकलेल्या चार पावलांवर!

दुसरं, हात धरून ओढणं. "चल ऊठ" म्हणत मित्र उजवा हात धरून ओढायचा. कंबर नेमकी त्यात पिळते. उठायची रीत अशी: आधी दोन्ही गुडघे दुमडायचे, खांदे आणि कंबर एकदमच वळवून कुशीवर यायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि त्याच वेळी खालच्या हाताचं कोपर व वरच्या हाताचा तळवा पलंगावर दाबून धड वर आणायचं. मदतनिसाने उठणाऱ्याच्या पाठीमागे आधाराला हात धरून नुसतं उभं राहावं, ओढू नये. चौघांकडूनही हे आमच्या खोलीतल्या बाकावर करून घेतलं. एकाचीच कंबर कुरकुरली, तो भाग वेगळा.

तिसरं, 'कसं दुखतंय?' हा प्रश्न. दिवसातून आठ जणांनी तो विचारला की माणूस आठ वेळा आत डोकावून दुखणं शोधतो, आणि शोधलं की सापडतंच. विल्बर्ट फोर्डाइस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात दुखण्यावरच्या उपचारात एक साधी शिस्त आणली: थांबायचं ते दुखलं म्हणून नव्हे, ठरलेला कोटा पुरा झाला म्हणून. चालणं दुखण्याशी बांधलं की दुखणं हाच मालक होतो. तेव्हा मित्रांनी एवढंच विचारायचं ठरलं, "आज किती मिनिटं?"

कोटा ठरवायची पद्धत घरीही करता येते. फिजिओने चालायला हरकत नाही म्हटल्यावर तीन दिवस, थांबावंसं वाटेपर्यंत चालून मिनिटं लिहायची. यांची आली सहा, चार, आठ. सरासरी सहा. सुरुवात त्याच्याही थोडी खाली, पाच मिनिटांवर, दिवसातून तीनदा. दर दोन दिवसांनी एक मिनिट वाढ. चांगला दिवस असला तरी जास्त नाही, वाईट असला तरी कमी नाही. सकाळची फेरी व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली, कारण तिथे सपाट जागा आहे आणि रहदारी नाही. मुसळधार पावसात घरातल्या घरात. ओल्या लाल मातीत पाय घसरला की सावरताना कंबरेला बसणारा हिसका चालण्यापेक्षा फार वाईट.

कामंही वाटून दिली. एकाने संध्याकाळी साडेपाचची फेरी सोबत करायची. दुसऱ्याने सिलिंडर आणि बाजाराच्या पिशव्या पाहायच्या. भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास जातो, आणि सुरुवातीला उचलायची मर्यादा बहुधा दोन-तीन किलो असते. तिसऱ्याने तपासणीला रिक्षाने न्यायचं, दुचाकीवर मागे बसवून नाही, कारण स्पीडब्रेकरचा दणका थेट मणक्यात जातो. चौथ्याला कन्नड उत्तम वाचता येत होतं. व्यायामाचा कागद कन्नडमध्ये होता आणि तो घरात कुणीच नीट वाचला नव्हता. चित्रं बघून अंदाजाने चाललं होतं. त्याने तो शाळेच्या वहीत मराठीत उतरवला, तेव्हा कळलं की ज्या व्यायामाने कंबर धरायची तो पुढच्या टप्प्याचा होता. सीमाभागात हे नेहमी घडतं. कागद हातात पडला की दवाखान्यातच कुणाकडून तरी वाचून घ्यावा.

तिसऱ्या आठवड्यात गाडी घसरली. कोटा चौदा मिनिटांवर आला होता, गडी खुलला होता, आणि चतुर्थी तोंडावर. मित्रांनी उत्साहात गणपत गल्लीत नेलं. पाऊण तास गर्दीत चालणं, उभं राहणं, वर "बघ, झालास की नीट!" पुढचे दोन दिवस पलंगावर. घरात अर्थातच "मी म्हणत नव्हते?" अशा वेळी शून्यावर जायचं नसतं. पायात नवी कळ नाही, ताकद कमी नाही, फक्त कमरेचे स्नायू आखडलेत, एवढं फिजिओकडून पाहून घेतलं आणि कोटा अर्ध्यावर, सात मिनिटांवर आणला. दोन दिवस सात, मग रोज एक मिनिट वाढवत आठवडाभरात पुन्हा चौदा. शाबासकी कोटा पाळल्याची द्यायची, ओलांडल्याची नाही, हे मित्रांना त्या दिवशी खरं पटलं.

बायकोची भीती वेगळी होती. दवाखान्यातून निघताना 'वाकू नका' एवढंच त्यांच्या कानावर पडलं. किती दिवस, ते कुणी सांगितलं नाही, यांनी विचारलं नाही. पुढच्या तपासणीला तीन प्रश्न लिहून नेले: किती किलो आणि कधीपर्यंत? दुचाकी कधी? जमिनीवर मांडी घालून कधी बसू? उत्तरं आकड्यांत मिळाली तशी त्यांची रखवाली आपोआप सैल झाली.

तंबाखूबद्दलही बोलावं लागतं. निपाणीचा तंबाखू ज्या भागात घरोघरी, तिथे भेटायला आलेला मित्र आधी चंचीच काढतो. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि मणक्यातल्या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. शेजारच्या हाडातून झिरपेल तेवढ्यावर ती जगते. तेव्हा मळलेली चिमूट पुढे करू नये, एवढं मित्रांनी पाळावं.

ऑपरेशन बाईचं झालं असेल तर 'चालायला सोबत' पुरत नाही. नळाला पाणी येणाऱ्या दिवशी भरलेली घागर दहा-पंधरा किलोची होते, आणि ती दहा वेळा उचलावी लागते. त्या तासाला भिशीतल्या दोघी येऊन पाणी भरून गेल्या तर तो धीर शंभर 'काळजी घे'पेक्षा मोठा.

मात्र काही गोष्टींत मित्रांचं, घरच्यांचं, आमचंही ऐकायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. लघवी अडली किंवा नकळत झाली, शौचावर ताबा राहिला नाही, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पाऊल उचलेनासं झालं, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी. ताप, जखमेतून पाणी किंवा पू, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, हेही थांबण्यासारखं नाही. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर क्षणाचाही उशीर नको. आणि दोन आठवड्यांहून अधिक झोप नाही, कशात मन नाही, 'आपण ओझं झालो' असं बोलणं येतंय, तर ते कमरेचं दुखणं समजू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, भाषा निवडता येते.

कामावर परतताना या गृहस्थांनी घाई केली नाही. फाउंड्रीसारख्या जड कामाला सर्जन बहुधा तीन महिने थांबवतात. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेत, नोंद असेल आणि अटी पुऱ्या होत असतील तर आजारपणाचा भत्ता पगाराच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतो. त्यासाठी डॉक्टरांचं सर्टिफिकेट वेळच्या वेळी द्यावं लागतं. तेही काम एका मित्रानेच केलं. पहिला महिना त्यांना तपासणीच्या टेबलावर उभ्याचं काम मिळालं, दर अर्ध्या तासाने दोन मिनिटं फिरायची मुभा घेऊन. कास्टिंग उचलायची वेळ आली की बाजूच्या मशीनवरचा दोस्त हाक न मारता यायचा.