सरावातल्या रणगाड्यावरचा क्रॉस: फोटोवरून मास्क, मास्कवरून रंग

१:३५ मापातलं एम६०ए३ या अमेरिकी रणगाड्याचं मॉडेल जानेवारी १९८५ च्या रिफॉर्जर या नाटोच्या सरावातलं म्हणून करायचं आहे, फोटोत बुरुजावर मोठा क्रॉस दिसतो, पण किटच्या डेकलशीटवर (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणांच्या कागदावर) तो नाही आणि वेगळा संचही मिळत नाही, असा तुमचा प्रश्न आहे. माझं मत स्पष्ट सांगतो: क्रॉससाठी डेकल शोधत बसू नका. मिळालं तरी ते वापरू नका. ती खूण कारखान्यात किंवा वर्कशॉपमध्ये लागलेली नसते. सराव सुरू होण्याआधी क्रू ब्रश, टेप किंवा हाताशी असेल त्या वस्तूने ती लावतो आणि सराव संपला की काढून टाकतो. डेकलची काटेकोर कड तिथे लगेच खोटी वाटते.

आधी संदर्भ पक्का करा. रिफॉर्जर १९६९ ते १९९३ या काळात पश्चिम जर्मनीत, आणि एकीकरणानंतर जर्मनीत, झाले. या सरावांत ‘निळा’ आणि ‘नारिंगी’ अशा दोन बाजू एकमेकांसमोर असत, आणि एकाच बनावटीचे रणगाडे दोन्हीकडे असल्यामुळे बाहेरून ओळख पटेल अशी खूण लागायची. रंग आणि आकार मात्र कायमचे ठरलेले नव्हते. म्हणून ‘रिफॉर्जरचा क्रॉस’ असा सरसकट शोध घेऊ नका. वर्ष आणि सरावाचं नाव घालून शोधा. १९८५ चं नाव होतं सेंट्रल गार्डियन, १९८८ चं सर्टन चॅलेंज, ब्रिटिशांचा १९८४ चा मोठा सराव लायनहार्ट. अमेरिकी लष्करी छायाचित्रकारांचे फोटो तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये आहेत, आणि त्यांच्याखालच्या ओळींत बहुतेक वेळा वर्ष आणि सरावाचं नाव असतं. शीतयुद्धातल्या सरावांसाठी टँकोग्राड या जर्मन प्रकाशनाची पुस्तकंही फार उपयोगी पडतात.

एक सावधगिरी. टी-५५ या सोव्हिएत रणगाड्यावर पांढरे पट्टे दिसले की अनेक जण तो वॉर्सा कराराचा सराव समजतात. ते फोटो बऱ्याचदा ऑगस्ट १९६८ मधल्या चेकोस्लोव्हाकियावरच्या आक्रमणाचे असतात. फोटोखालच्या ओळीत तारीख नसेल तर असा फोटो आधार म्हणून धरू नका.

आता माप. फोटोत ओळखीची एखादी वस्तू शोधा. एम६० वर रोडव्हील, म्हणजे साखळीपट्ट्यातलं मोठं चाक, सगळ्यात सोयीचं. त्याच्या व्यासाशी क्रॉसच्या हाताची तुलना करा आणि तेच प्रमाण मॉडेलवरच्या चाकावरून घ्या. फोटो तिरका असेल तर एकाच प्रतलातल्या वस्तू घ्या, बुरुजाची तुलना चाकाशी नको. अंदाजासाठी: क्रॉसचा पन्नास सेंटिमीटरचा हात १:३५ मध्ये साधारण १४ मिलिमीटर, १:७२ मध्ये ७. पाच सेंटिमीटर रुंद टेप १:३५ मध्ये जेमतेम दीड मिलिमीटर.

क्रम हा या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि बहुतेक मॉडेलं इथेच फसतात. रणगाडा सरावाला येतो तेव्हा तो आधीच वापरलेला असतो. म्हणजे क्रॉस जुन्या धुळीच्या वर आणि नव्या चिखलाच्या खाली असतो. मूळ रंग, मग कायमच्या खुणांची डेकलं, मग मॅट कोट (चमक घालवणारा थर), वॉश (खाचांत मुरणारा पातळ गडद रंग) आणि हलकी धूळ इथपर्यंत गाडी पूर्ण करा. त्यानंतर क्रॉस. चिखल शेवटी, आणि तो क्रॉसवरही थोडा चढू द्या. कायमच्या खुणा म्हणजे बंपरवरचे युनिट कोड आणि पिवळ्या गोलातला पूल-भार वर्गाचा (गाडी किती भाराच्या पुलावरून जाऊ शकते ते सांगणारा) काळा आकडा. त्यांच्यासाठी डेकलच योग्य.

क्रॉस रंगवलेला दिसत असेल तर मास्किंग टेप काचेवर चिकटवून नव्या ब्लेडने तिच्यातून क्रॉसचा आकार कापून काढा; उरलेली टेप हाच मास्क. काम सुरू करण्याआधी खालच्या थरांवर लॅकर वार्निशचा एक कोट द्या आणि तो पूर्ण वाळू द्या. त्यावर हेअरस्प्रेचे दोन हलके थर (तो पाण्याने सुटतो, म्हणून वरचा रंग नंतर घासून काढता येतो), मग मास्क, मग ॲक्रिलिक पांढरा. शुद्ध पांढरा नको. त्यात बफचा (फिकट पिवळसर-तपकिरी रंगाचा) एक थेंब टाका. एअरब्रशऐवजी स्पंजच्या तुकड्याने टपटप टेकवत रंग लावला तर हाताने लावल्याचा खरबरीतपणा आपोआप येतो. मास्क काढल्यावर थोड्या वेळाने कोमट पाण्यात बुडवून निथळलेला आखूड केसांचा ब्रश घ्या आणि जिथे क्रूचे बूट व हात लागतात तिथे घासा: हॅचजवळची कड, चढायच्या पायरीजवळचा क्रॉसचा हात. सगळीकडे सारखं घासलं की ते चितकबरं दिसतं. म्हणून दोन-तीन जागा ठरवा आणि बाकीचा क्रॉस तसाच सोडा.

फोटोत टेप स्पष्ट दिसत असेल, टोकं उचललेली, सांध्यावर एकमेकांवर चढलेली, तर मॉडेलवर खरी मास्किंग टेप लावू नका. तिची जाडी दशांश मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे १:३५ मध्ये तीन मिलिमीटरहून जाड पट्टी. कोऱ्या पारदर्शक डेकल कागदावर पांढरा रंग फवारा, वाळल्यावर पट्ट्या कापा आणि त्या क्रॉसच्या आकारात एकमेकांवर ठेवा. एखादं टोक सेटिंग सोल्यूशन (डेकल मऊ करून पृष्ठभागाला बसवणारा द्रव) न लावता मोकळं राहू द्या.

घरच्या प्रिंटरवर क्रॉस छापायचा विचार असेल तर साधे प्रिंटर पांढरा छापत नाहीत. पांढरा छापणारे आल्प्सचे प्रिंटर केव्हाच बंद झाले. काळे कोड आणि आकडे मात्र पारदर्शक कागदावर छान येतात. इंकजेट असेल तर पाण्यात टाकण्याआधी क्लिअर कोट दिलाच पाहिजे, नाहीतर शाई पसरते. लेसरचं टोनर पाण्यात टिकतं.

१९८५ साठी रंगसंगती मर्डक ही अमेरिकी लष्कराची चार रंगांची धरा, तीन रंगांचा नाटो कॅमोफ्लाज तेव्हा नुकताच येत होता. शेवटचा निर्णय मात्र तुमच्या फोटोवरूनच करा. तो फोटो इथे टाकलात तर क्रॉस टेपचा की रंगाचा, हे आपण एकत्र ठरवू.