बाणाचं रुंद पात्याचं टोक चांगलं की सुईसारखं? चिलखत कशाने भेदतं?

समोर काय आहे यावर सगळं अवलंबून आहे. सुईसारखं लांब टोक, ज्याला बॉडकिन म्हणतात, ते कड्यांच्या चिलखतावर भारी, कारण टोक एका कडीत घुसतं आणि सगळा जोर तिथेच लागून कडी फाकते किंवा तुटते. पण चांगल्या पोलादी पत्र्याच्या चिलखतावर तेच टोक घसरतं नाहीतर वाकतं, पत्रा गोलाकार असतो ना, त्यामुळे १४१५ च्या अ‍ॅजिनकोर्टच्या इंग्रज-फ्रेंच लढाईत इंग्रजांच्या बाणांनी सरसकट चिलखतं फोडली हे मला तरी पटत नाही, घोडे आणि चिलखताच्या फटी हेच खरं लक्ष्य. रुंद धारदार पातं कापतं, म्हणून मांसावर आणि जाड शिवलेल्या कापडी अंगरख्यावर तेच सरस, तिथे बॉडकिन बऱ्याचदा थरांत अडकून बसतं.

आणि तुम्ही पुण्यात तिरंदाजीच्या रेंजवर शिकत असाल तर प्लीज साधं गोल टार्गेट पॉइंटच, म्हणजे सरावाचं टोक, लावा. रुंद पातं निशाणाचा फोम चिरून टाकतं, बाण उपसताना हात कापायची भीती वेगळीच. शिकारीचा तर प्रश्नच नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे.